हरणी आणि आमचं चाकांवरचं घर

‘कुत्रं घेऊन वाळवंटात? येड लागलंय का वहिनी तुम्हाला?’ शेजारचे भाऊजी म्हणाले. मी नुसती हसले. पण मैत्रिणींनो, घर सोडून पंधरा दिवस जायचं म्हटलं की काय काय आडवं येतं, ते तुम्हाला सांगायला नको. आधी सासूबाईंचं दुखणं, मग मुलांच्या परीक्षा. दोन्ही पोरं बाहेरगावी गेली, तर मागं राहिली हरणी.

हरणी ही आमची कारवान कुत्री. निमुळतं तोंड, पाठीला लागलेलं पोट, लांबसडक पाय. आमच्या लातूर भागात ही जात पूर्वीपासून पाळतात. काफिल्यांबरोबर चालत आली म्हणून नाव ‘कारवान’, असं सांगतात. तिला लॉजवाले आत घेत नाहीत आणि दुसऱ्याच्या हातचं ती खात नाही. शेवटी पुण्याच्या पुतण्यानं तोडगा काढला. झोपायला पलंग, गॅस, पाण्याची टाकी असलेली गाडी भाड्यानं आणली. तिला म्हणतात कॅरव्हॅन. म्हणजे कारवानमध्ये बसून कारवान निघाली!

जानेवारीत निघालो. (उन्हाळ्यात कुत्र्याला तिकडं नेऊच नका. बंद गाडी उन्हात बघता बघता भट्टी होते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही.) जळकोटहून नांदेड, अकोला, इंदूर, उदयपूर, जोधपूर आणि पुढं जैसलमेर, सुमारे दीड हजार किलोमीटर.

दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. घर बरोबर घेतलं की स्वयंपाकघरही बरोबर येतं. हे आणि पुतण्या बाहेर खुर्च्या टाकून सूर्यास्त बघतायत, आणि मी आत भाकरी थापतेय! तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, ‘गॅस एकदाच पेटेल. संध्याकाळी ढाबा.’ कुणी काही बोललं नाही.

जोधपूरच्या अलीकडं वाट वाकडी करून खेजडलीला गेलो. खेजडी म्हणजे आपली शमी. १७३० मध्ये राजाची माणसं इथली झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह ३६३ माणसांनी जीव दिला. बिश्नोई लोक हरणांनाही तसंच जपतात.

आणि तिथून थोडं पुढं गेल्यावर माझ्याच हातून चूक झाली. भांड्यांचं पाणी फेकायला दार उघडलं, साखळीची कडी लावायची राहिली होती. समोर शेताच्या कडेला चिंकाऱ्यांचा कळप. हरणी सुटली ती बाणासारखी. तिच्या रक्तातच ते, तिला काय दोष द्यायचा? माझे पाय लटपटले. चिंकारा मारणं हा कायद्यानं गुन्हा, पण मला त्या क्षणी कायदा आठवला नाही, ती ३६३ माणसं आठवली. हे हाका मारत धावले. कारवानच्या मागं माणूस धावून काय करणार? मी तिची जेवणाची थाळी घेतली आणि उलथन्यानं बडवत सुटले. घरी रोज तशीच बोलावते. कळप पांगला, धुळीत ती दिसेनाशी झाली. खूप वेळानं जीभ बाहेर काढून परत आली. तोंडाला रक्त नव्हतं. मी मटकन खाली बसले.

शेतातली एक बाई विळा हातात घेऊन आली होती. मारवाडीत बोलली, शब्द कळले नाहीत, बोलणं कळलं. मी हात जोडले. तिनं आधी साखळीची कडी स्वतः ओढून पाहिली, मग हरणीसाठी पाणी आणलं.

त्यानंतर हरणी मोकळी सुटली नाही. जैसलमेरकडच्या राष्ट्रीय मरुउद्यानात तर आम्ही तिला नेलंच नाही. आपल्या नान्नजला दिसायचा तो माळढोक तिथं शेवटचे दिवस काढतोय, आणि मोकाट कुत्री त्याच्या जिवावर उठलीत.

पाण्याचा हिशेब मात्र मला कुणी शिकवावा लागला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आपण काढलेत. पुतण्या पहिल्या दोन दिवसांत टाकी संपवायचा, माझ्या हाती आल्यावर तीच चार दिवस पुरली. तिकडच्या बायका वाळूनं भांडी घासतात, मीही घासली. घराशेजारी जमिनीखाली झाकलेला ‘टांका’ असतो, भोवतालच्या स्वच्छ अंगणावर पडलेला पाऊस त्यात उतरतो. एका घरी दोन घागरी मिळाल्या. ‘प्यायचं आहे, धुवायचं नाही,’ असं खुणेनं बजावून.

वाळूत भुरट नावाचं गवत असतं, त्याची काटेरी बोंडं पंजात रुततात. शेवटच्या रात्री मी बॅटरीच्या उजेडात चिमट्यानं हरणीचे पंजे साफ करत होते. कडाक्याची थंडी. आतून स्टोव्हचा आवाज आला. ह्यांनी चहा केला होता, साखर अंमळ जास्तच. मी पिऊन टाकला.