नकाशावरून पुसला गेलेला खेड लोकसभा मतदारसंघ

भोर तालुक्यातील आंबवडे गावात नागेश्वराचे मंदिर आहे, शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे आणि संस्थानकाळातला झुलता पूल आहे. हे सारे जागच्या जागी असताना गावावरचा राजकीय नकाशा मात्र पुनःपुन्हा बदलला. शिवकाळात रोहिडखोरे, मग पंतसचिवांचे भोर संस्थान, १९४८च्या विलीनीकरणानंतर पुणे जिल्हा आणि आज बारामती लोकसभा मतदारसंघ. गावे तीच राहतात, त्यांची मोट नव्याने बांधली जाते. याच जिल्ह्यातला खेड लोकसभा मतदारसंघ तर मोट सुटल्यावर नावासकट संपला.

हुतात्मा राजगुरूंच्या खेडवरून, म्हणजे आजच्या राजगुरुनगरवरून, त्याला नाव मिळाले. १९६७मध्ये येथून निवडून आलेले रघुनाथ खाडिलकर लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. १९८० आणि १९८४मध्ये प्रा. रामकृष्ण मोरे विजयी झाले. पुढे राज्याचे शिक्षणमंत्री असताना त्यांनी पहिलीपासून इंग्रजी आणले. १९८९मध्ये जनता दलाचे किसनराव बाणखेले, १९९८ व १९९९मध्ये अशोक मोहोळ आणि २००४मध्ये शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील खासदार झाले. आढळराव हे खेडचे शेवटचे खासदार.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून आखलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८मध्ये लागू झाली. महाराष्ट्राच्या जागा ४८च राहिल्या, फक्त रेषा सरकल्या. जुन्नर, आंबेगाव आणि खेड-आळंदी हे भाग भोसरी, हडपसर व शिरूरसह नव्या शिरूर मतदारसंघात गेले. नव्या मावळ मतदारसंघाने तर सह्याद्रीच ओलांडला: पिंपरी-चिंचवडचे मतदार घाटाखालच्या पनवेल, कर्जत आणि उरणच्या मतदारांबरोबर एकच खासदार निवडू लागले. त्याच फेरबदलात मुळशी विधानसभा मतदारसंघही संपला आणि मुळशी तालुका भोर-वेल्ह्याला जोडला गेला. आंबवड्याच्या मतदाराला आमदार निवडताना नवे सोबती मिळाले.

गंमत अशी की २००९मध्ये आढळराव शिरूरमधून पुन्हा निवडून आले. मतदारसंघ गेला, खासदार राहिला!

लोकसभेतील राज्यांच्या जागांची संख्या २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती मुदत संपली की रेषा पुन्हा सरकतील, आणि आंबवड्याचा झुलता पूल तिथेच असताना त्यावरून मतदानाला जाणारा माणूस कदाचित वेगळ्याच मतदारसंघाचा झालेला असेल.