जुन्या ट्रॅक्टरची डिझेल-बचत

जुना ट्रॅक्टर डिझेल फार खातो, अशी शेतकरी बंधूंची तक्रार असते. परंतु हा दोष पुष्कळदा वयाचा नसून निगेचा असतो. धुराड्यातून सतत काळा धूर निघू लागल्यास डिझेल पुरते जळत नाही, असे समजावे. प्रथम एअर क्लीनर पाहावा. तो धुळीने कोंदल्यास इंजिनास पुरेशी हवा मिळत नाही. क्लीनर तेलाचा असल्यास गढूळ तेल काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. तरीही धूर न थांबल्यास नोझल जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. नळीच्या जोडातून सेकंदास एक थेंब गळत राहिला, तरी २४ तासांत सुमारे ४ लिटर डिझेल मातीत जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नांगरटीपूर्वी ही तपासणी गावात प्रत्यक्ष करून दाखवावी.