झोपलेला विषाणू आणि सीडी-फोरचा आकडा

जांभळ्या टोपणाची ट्यूब टेक्निशियन हलकेच उलटसुलट करते. मग पिपेटनं नेमकं 50 मायक्रोलिटर रक्त घेते आणि टिपच्या बाहेर चिकटलेला थेंबही पुसून टाकते. तो आत गेला, तर आकडा फुगतो. नाशिकच्या एका लॅबमध्ये मी सीडी-फोरची मोजणी बघत होते. चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी मिसळून ट्यूब अंधारात ठेवतात, कारण उजेडात रंग विटतो. मग मशिनमध्ये लेसरसमोरून एकेक पेशी जाते आणि पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. निरोगी माणसाच्या रक्तात घनमिलिमीटरला साधारण 500 ते 1500 सीडी-फोर पेशी असतात. 200च्या खाली गेल्या, की एरवी शरीर थोपवून धरतं ती दुखणीही जिवावर बेततात.

एचआयव्ही शिरतो तो याच पेशींत. त्या इतर रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावतात. बाधित पेशी मारण्याचं काम मुख्यतः सीडी-एट टी-पेशींचं. पण विषाणू पेशीच्या आत, मग बाहेरून कळतं कसं? पेशी आतल्या प्रथिनांचे, जेमतेम आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए रेणूंत धरून पृष्ठभागावर मांडत असते. लासलगावला व्यापारी ट्रॉलीतला थोडा कांदा बघून सगळ्या मालाची बोली लावतो, तसं टी-पेशी त्या तुकड्यावरून आतलं ओळखते. तुकडा परका निघाला, की ती परफोरिननं भोकं पाडून ग्रॅन्झाइम आत सोडते. बाधित पेशी मरते. नुसता तुकडा पुरत नाही, आपल्याच शरीराची एचएलए खूणही सोबत लागते. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी हे कॅनबेरात उंदरांवर शोधलं. 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सरकारी केंद्रांत एआरटी (विषाणूला रोखणाऱ्या गोळ्या) 2004 पासून मोफत मिळते आणि 2017 पासून सीडी-फोरचा आकडा कितीही असला, तरी निदान होताच गोळ्या सुरू होतात. तरीही पहिली मोजणी चुकवूच नये, असं मला ठामपणे वाटतं. फार उशिरा आलेला रुग्ण वरवर धडधाकट दिसला, तरी या मोजणीत सापडतो.

आकडा वाढला, रक्तात विषाणूही सापडेना, मग गोळ्या का थांबवू नयेत? काही सीडी-फोर पेशींत विषाणू आपली जनुकं पेशीच्याच डीएनएत खोचून निजून राहतो. त्याची प्रथिनंच बनत नाहीत, त्यामुळे मांडायला तुकडा नसतो आणि सीडी-एट पेशी शेजारून निघून जाते. गोळ्याही या निजलेल्याला मारत नाहीत. तो जागा झाला, तर पुढच्या पेशीत त्याला घर करू देत नाहीत, एवढंच. त्या सोडल्या, तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा सापडतो.