स्विच बंद, तरी पंखा जिवंत

पायपर जे-३ कब हे अमेरिकेतलं छोटं दोन आसनी विमान. १९३८ ते १९४७ या काळात अशी जवळपास २०,००० विमानं बनली आणि त्यातली बरीच आजही उडतात. मूळ विमानात स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवून इंजिन, बहुतेक विमानांत ६५ अश्वशक्तीचं, सुरू करायचं. नीट शिकून घेतलं तर हे काम जमतं, पण त्याबद्दलचे काही समज जिवावर बेतणारे आहेत.

'स्विच बंद आहे, आता पंख्याला हात लावायला हरकत नाही' हा सगळ्यात घातक समज. मोटारीत चावी फिरवली की वीज तुटते. इथे ठिणगी पाडणारा मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केला की एक तार ती वीज इंजिनाच्या धातूत उतरवते, म्हणून ठिणगी पडत नाही. ती तार तुटली किंवा तिचं टोक ढिलं झालं, तर स्विच 'बंद' दाखवतो आणि मॅग्नेटो मात्र जिवंतच राहतो. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलं असेल, तर पंखा सहज हलवला तरी इंजिन धडकन सुरू होऊ शकतं. यासाठी इंजिन थांबवण्याआधी, ते अगदी संथ चालत असताना स्विच क्षणभर बंद करून पाहावा. इंजिन दबलं नाही, तर तारेत दोष आहे. अर्थात तार ठीक निघाली तरी पंखा जिवंत आहे असंच धरून वागायचं.

'लांब उभं राहिलं की धोका कमी' हेही चूक. लांबून हात पोचवताना माणूस पुढे झुकतो आणि तोल गेला तर थेट पंख्यात जातो. जवळ, दोन्ही पायांवर तोल सांभाळून उभं राहायचं आणि पातं खाली ओढताच मागे सरायचं. पात्याला बोटांचा विळखा नको, तळवे नुसते टेकवायचे, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अडकलेली बोटं माणसालाही ओढतात. पायाखाली ओलं गवत किंवा खडी नको, अंगावर सैल कपडे नकोत.

'एकट्यानेही जमतं' असं म्हणणाऱ्यांनी थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा, विचार करावा. तो गरजेपेक्षा जास्त उघडा राहिला, तर इंजिन सुरू होताच विमान वैमानिकाविनाच धावू लागतं. म्हणून चाकांखाली ठोकळे, शेपटी दोराने बांधलेली, आणि आत ब्रेक दाबून बसलेला, विमानाची माहिती असलेला माणूस हवाच. सोबत आलेल्या हौशी पाहुण्याला तिथे बसवू नये.