वाळवी मुळाशी, फवारा पानावर: मक्यातल्या वनस्पतिजन्य औषधांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

2018 साली लष्करी अळी महाराष्ट्रातल्या मक्यावर उतरली आणि निंबोळी अर्काचा पंप शेतकऱ्यांच्या सवयीचा झाला. पोंग्यात अर्क पडला की लहान अळी खाणं सोडते, हे अनेकांनी स्वतःच्या रानात पाहिलं. आता वाळवी दिसली तरी तोच पंप पाठीवर चढतो. गुण आला नाही, की ‘झाडपाल्याच्या औषधात दम नाही’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. यात औषध खोटं नसतं, ते चुकीच्या जागी आणि उशिरा पडलेलं असतं.

पानांवर अर्क फवारला की वाळवी मरते, हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. वाळवीचे कामकरी कीटक उजेड टाळतात. जमिनीखालून किंवा मातीच्या बंद नळीतून येऊन ते मुळं आणि बुंधा पोखरतात. पानावरचा थेंब त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि निंबोळीतलं मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात काही दिवसांतच निकामी होतं. शिवाय हे द्रव्य झटकन मारणारं विष नाही. 1959 मध्ये सुदानात टोळधाडीनं आसपासची हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं शाबूत राहिली. हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं ते पाहिलं आणि पुढं कडुनिंबावरच्या संशोधनाला वेग आला. कीटकाची भूक मारणं आणि वाढ रोखणं हे या औषधाचं काम आहे. म्हणून ते वाळवी येण्याआधी आणि मातीतच असायला हवं.

त्यासाठी निंबोळी पेंड. पेरणीपूर्वी शेवटच्या कुळवणीला एकरी साधारण 200 किलो पेंड मातीत मिसळावी. करंजाची पेंडही याच कामाची. उभ्या पिकात वाळवीची सुरुवात दिसली, तर पाच टक्के निंबोळी अर्क बुंध्याशी ओतावा, म्हणजे आळवणी करावी. 5 किलो निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबणाचं पाणी घालून एकूण 100 लिटर करायचं आणि त्याच दिवशी वापरून संपवायचं. जमीन ओलसर असताना आळवणी केली तर अर्क मुळांपर्यंत नीट उतरतो. अर्क दुप्पट कडक केल्यानं दुप्पट गुण येत नाही. कोवळी रोपं मात्र करपू शकतात.

पण आधी खात्री करा, की शत्रू वाळवीच आहे. ताट आडवं झालं म्हणजे वाळवी, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. पडलेलं ताट उपटा आणि खोड उभं चिरा. आत गराच्या जागी माती भरलेली असेल आणि पांढुरके कीटक पळताना दिसले, तर वाळवी. गर सुटून नुसते धागे उरले असतील आणि त्यांवर बारीक काळे कण असतील, तर ती खोडकुज, म्हणजे बुरशीचा रोग. मुळाशी अर्धगोल वळलेली जाड पांढरी अळी सापडली तर हुमणी. यात एक मेख आहे. पावसाचा मोठा खंड पडला की ताण बसलेल्या पिकात खोडकुज आधी शिरते आणि त्या मरत्या ताटावर वाळवी मागाहून येते. अशा वेळी दिसते ती वाळवी, पण रोप आधी मारलेलं असतं बुरशीनं.

‘निंबोळीचं आवरण असलेला युरिया टाकलाय, आता वाळवीची चिंता नाही,’ असंही ऐकू येतं. हिशेब करून पाहा. युरियातल्या निंबोळी तेलाचं किमान प्रमाण 0.035 टक्के आहे. 45 किलोच्या गोणीत ते जेमतेम 16 ग्रॅम भरतं. नत्र सावकाश सुटावं आणि युरिया कारखान्यांकडं वळू नये, यासाठी ते आवरण आहे.

शेणखताबद्दल थोडक्यात: कुजलेलं खत जमिनीला हवंच, कच्चं खत आणि मागच्या पिकाची धसकटं मात्र वाळवीला आमंत्रण देतात. वारूळ फोडलं की प्रश्न मिटला, हेही खरं नाही. राणी खोलवर असते, आणि वाळवीच्या काही जाती वारूळ बांधतच नाहीत.

सर्वांत धोकादायक समजूत म्हणजे झाडपाल्याचं औषध निर्धोक असतं. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं आणि माणसाला विषबाधा करतं. सीताफळाच्या बियांची पूड किंवा रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. असले काढे बनवताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि स्वयंपाकाची भांडी, पोरंबाळं दूर हवीत. तंबाखूचा काढा मी तरी कुणाला सुचवणार नाही.

प्रादुर्भाव शेतभर पसरला असेल, तर एकट्या निंबोळीच्या भरवशावर राहू नका. पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका, पोखरलेली ताटं काढून नष्ट करा आणि कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानं मक्यातल्या वाळवीसाठी शिफारस असलेलंच औषध वापरा.

निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला पिकून गळतात. त्या वेळी वेचा, गर धुऊन काढा, बी सावलीत वाळवा आणि हवेशीर पोत्यात ठेवा. साधारण तीन ते आठ महिने जुनी निंबोळी अर्काला उत्तम, त्यापुढं तिचा जोर ओसरत जातो. म्हणजे या हंगामात वेचलेली निंबोळी रब्बी मक्याच्या पेरणीच्या सुमारास नेमकी वापरायोग्य झालेली असते. बांधावरच्या निंबोळ्या यंदा चिखलात जाऊ देऊ नका.