जुनी नोंद पारखून घ्यावी

गतवर्षी आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले. कोणते औषध सोसत नाही, असे शस्त्रवैद्यांनी विचारताच आम्ही उत्तरलो, "पेनिसिलीन." बालपणी इंजेक्शनानंतर अंगावर पुरळ उठले होते, एवढाच त्यास आधार. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. तेव्हापासून अशा नोंदी घरोघरी आहेत.

कृत्रिम सांध्यात रक्त खेळत नाही. त्यावर जंतूंनी थर धरला की औषध त्यांस पुरते पोचत नाही आणि प्रसंगी सांधाच काढावा लागतो. म्हणून छेदापूर्वी तासाभरात शिरेतून सेफाझोलिन देतात. हे पेनिसिलीनच्या दूरच्या नात्यातील. यास्तव पूर्वी अशा रुग्णांस ते न देता क्लिंडामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिन देत. परंतु त्यांत जंतुबाधा अधिक आढळली. सेफाझोलिनची घडण निराळी असल्याने ते बहुतेकांस सोसते. शिवाय पेनिसिलीन सोसत नाही म्हणणाऱ्या दहांतील नऊजण चाचणीत निर्दोष ठरतात. मात्र पूर्वी श्वास कोंडला असेल किंवा कातडी सोलली गेली असेल, तर निर्णय तज्ज्ञांचाच.

आमच्या घरी चाचणीअंती सेफाझोलिनच दिले; आज सौभाग्यवती जिना चढतात.

बिदर-कलबुर्गीहून सोलापूर वा हैदराबादेस शस्त्रक्रियेस जाणाऱ्या बंधुभगिनींनी कोणते औषध, केव्हा व काय त्रास झाला, हे आधीच लिहून न्यावे व चाचणीविषयी विचारावे. वहीतील जुनी बाकी आपण पुराव्यावाचून मानीत नाही. देहाच्या वहीसही तोच न्याय लावावा.