तंजावरास प्रथमच जाताना

एकट्याने दूरच्या शहरी प्रथमच जावयाचे म्हटले की घरच्या मंडळींना चिंता वाटू लागते. तेथे ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही, जेवणाखाण्याचे कसे होईल? हे प्रश्न खोटे नव्हेत. तरीही, वाचकहो, असा एखादा प्रवास करावयाचे आपल्या मनात असेल, तर मी तंजावरचे नाव सुचवीन. तेथे आपल्या कानावर सर्वत्र तमिळ पडेल. परंतु त्याच शहरातील एका प्राचीन मंदिराच्या भिंतीवर आपणांस वाचता येईल असा मजकूर कोरलेला आहे.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघावे, म्हणजे सकाळी कावेरीच्या खोऱ्यातील हिरवी भातशेती पाहत तंजावरास पोहोचता येते. तिरुचिरापल्लीहून बसने आल्यास दीड-दोन तास पुरतात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तेथे पावसाचे दिवस असतात. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने उत्तम. हिंदीचा उपयोग थोडा, मोडक्यातोडक्या इंग्रजीचा त्याहून अधिक. पण दोन तमिळ शब्द पाठ केले तर निम्मे काम होते. मंदिरास जावयाचे तर ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठे देऊळ, आणि राजवाड्यास जावयाचे तर ‘अरण्मनै’ असे विचारावे. एकट्या प्रवाशाला विचारल्यावाचून गत्यंतर नसते, आणि विचारणाऱ्याला वाट दाखविणारे येथे भेटतात.

मोठ्या देवळात सकाळी लवकर जावे. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात, आणि दहा वाजल्यानंतर तेथील फरसबंदी पायांना चटके देऊ लागते. राजराज चोळाने बांधविलेले हे बृहदीश्वराचे मंदिर इसवी सन १०१० मध्ये पूर्ण झाले. गाभाऱ्यावरील विमान साठ मीटरांहून अधिक उंच आहे. सारे बांधकाम ग्रॅनाइटचे. पण तंजावरच्या गाळाच्या भूमीत असा दगड मिळत नाही, तो कित्येक कोस दुरून आणावा लागला. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे कोणी सांगितल्यास ऐकून घ्यावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, सावली पडते. मंदिराची थोरवी सिद्ध करण्यास अशा आख्यायिकेची गरज नाही.

शिखराकडे पाहून मान अवघडली की दृष्टी खाली जोत्याकडे वळवावी. तेथे तमिळमध्ये ओळीमागून ओळी कोरल्या आहेत. राजाने व राण्यांनी दिलेले दागिने, मूर्ती, जमिनी यांचा तो हिशेब आहे. मंदिराच्या सेवेस आणलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावे आणि त्यांना दिलेल्या घरांचा तपशीलही त्यात आहे. हजार वर्षांपूर्वीचे हे दप्तरच म्हणावयाचे.

त्यानंतर प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूस जावे. तेथील भिंतीवर अचानक आपल्या ओळखीची अक्षरे दिसू लागतात. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या आज्ञेने १८०३ साली कोरलेला हा भोसले वंशाचा इतिहास आहे. मराठीतील अतिशय विस्तृत शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. बोटाने ओळ धरून वाचू लागावे. काही शब्द कळतात, काही अडतात. पण आपली भाषा येथवर कशी आली, हा प्रश्न मनात उभा राहतो.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी तथा एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. पुढे १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य येथे होते. मात्र वरील शिलालेख खोदला गेला त्या वेळी प्रत्यक्ष सत्ता उरलेली नव्हती. १७९९ च्या तहाने कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि राजाच्या हाती किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख राहिला होता. ज्याच्या हातून राज्य गेले, त्याने आपल्या वंशाची हकीकत दगडावर लिहून ठेवली, हे ध्यानात घेऊन तो लेख पुन्हा वाचावा.

दुपारी मंदिर काही तास बंद असते. तो वेळ राजवाड्यासाठी ठेवावा. नायक राजांनी बांधलेला आणि मराठ्यांनी वाढविलेला हा वाडा आता काहीसा जीर्ण झाला आहे. तेथील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. त्यांच्यापुढे घाई करू नये. सरफोजींचा संगमरवरी पुतळाही तेथेच आहे. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्याजवळ शिकलेल्या या राजाने देवनागरी छापखाना चालविला, इसापनीतीचे मराठी भाषांतर छापविले, आणि आपल्या औषधशाळेतील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करून ठेवविल्या.

त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. मूळ संग्रह नायकांचा. सरफोजींनी तो अपार वाढविला, आणि १९१८ पासून तो लोकांसाठी खुला आहे. तेथील संस्कृत पोथ्यांची संख्या हजारांवर हजार अशी आहे. तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितेही आहेत. शहाजी राजे (१६८४–१७१२) यांच्या काळातील मराठी नाटके याच संग्रहात सापडली. सांगलीस विष्णुदास भाव्यांचे नाटक रंगमंचावर आले ते १८४३ साली, हे आठवले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. प्रवाशाला संग्रहालयाचे दालन पाहता येते. पोथ्या अभ्यासकांसाठी आहेत. त्यांच्याखेरीज दरबारची मोडी कागदपत्रेही आहेत. ती वाचणारे आता थोडे आहेत.

तंजावरात आजही काही घरांत मराठी बोलली जाते. तिला तमिळचा हेल आहे, आणि आपल्याकडे मागे पडलेले काही शब्द तिने जपले आहेत. त्या घरांतील मुलांचे शिक्षण तमिळ व इंग्रजीत होते. मराठी त्यांना कानाने मिळते, पुस्तकाने क्वचितच. असे कोणी भेटले तर त्यांच्या बोलण्याला हसू नये, की दुरुस्तही करू नये. इतक्या पिढ्या त्यांनी ती शाळेच्या आधारावाचून सांभाळली आहे. आपण शुद्ध बोलतो, पण आपल्या आजोबांच्या पेटीतील मोडी कागद आपल्यापैकी किती जणांना वाचता येतो?

संध्याकाळी पुन्हा मोठ्या देवळात यावे. त्या वेळी दगडावर सोनेरी रंग चढतो आणि गावातील कुटुंबे मुलाबाळांसह हिरवळीवर येऊन बसतात. नैर्ऋत्येकडील त्या भिंतीवरून लोक ये-जा करीत असतात. बहुतेकांना ती अक्षरे वाचता येत नाहीत, तरी त्यांच्या गावाने ती नीट राखली आहेत. आपणांस ती वाचता येतात. तेव्हा अंधार पडण्यापूर्वी आणखी दोन ओळी वाचाव्यात, आणि घरी परतल्यावर मोडीचे पहिले अक्षर गिरवावयास घ्यावे.